जुन्या फिश टँकची प्लांटेड टाकी करायची आहे: पाणी, रेती, वनस्पती आणि मांडणी

नवशिकी, इंदूर

नमस्कार. नोकरीनिमित्त पुण्याला गेलेल्या भावाची काचेची टाकी आता माझ्याकडे आली आहे. तिची मापे २४ × १२ × १५ इंच अशी आहेत. तळाला पांढऱ्या संगमरवरी खड्यांचा चार बोटे जाड थर, त्यावर प्लास्टिकची झाडे आणि चिनीमातीचा एक किल्ला, मागे निळा कागद आणि काठाला लटकवायचा छोटा फिल्टर असा सगळा जामानिमा आहे. मासे म्हणजे सात-आठ गप्पी, दोन काळ्या मॉली आणि वीतभर लांबीचा एक सकर. हे सगळे बदलून खऱ्या वनस्पतींची टाकी करावी अशी इच्छा आहे.

आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या त्याच टाकीत बोरिंगचे पाणी मिसळले जाते. घरात आरओ आहे. संगमरवर तसाच ठेवून त्यावर माती टाकता येईल का, मासे असताना हा बदल करता येतो का आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर सुरुवातीलाच घ्यावे लागते का, हे माझे तीन प्रश्न आहेत. सिलिंडरशिवाय काहीही जगत नाही, असे दुकानदार ठामपणे सांगतात.

काळी माती, इंदूर

दुकानदाराचे म्हणणे काही वनस्पतींपुरते खरे आहे आणि त्या वनस्पती तुम्ही पहिल्या वर्षी घेऊ नयेत, एवढे बोलून सिलिंडरचा विषय तूर्त बाजूला ठेवू. आपल्या शहरात टाकी कशी चालेल हे आधी पाणी ठरवते.

१९७८ पासून आपल्याकडे जलूदहून, म्हणजे सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून नर्मदेचे पाणी येते. हे पाणी किंचित अल्कधर्मी आणि मध्यम कठीण असते. बोरिंगचे पाणी त्याहून बरेच कठीण असते आणि कोणत्या वस्तीत किती, याला काही धरबंध नाही. म्हणून पहिला खर्च दिव्यावर किंवा सिलिंडरवर न करता थेंबांच्या चाचणी-संचावर करावा. त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि शक्य तर जीएच व केएच मोजता यावे. जीएच म्हणजे पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम आणि केएच म्हणजे बायकार्बोनेट, जे पीएच धरून ठेवते. केएच भरपूर असलेल्या पाण्यात पीएच उतरवणारे औषध टाकले, तर आकडा रात्री खाली येतो आणि सकाळी पुन्हा जागेवर जातो. माशांना त्रास होतो तो या वरखाली होण्याचा. पावणेआठ किंवा आठ हा आकडा स्थिर असेल, तर गप्पी आणि मॉली त्यात मजेत राहतात, किंबहुना त्यांना कठीण पाणीच मानवते. केवळ बोरिंगचे पाणी वापरावे लागत असेल, तर त्यात अर्धे आरओचे पाणी मिसळावे. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र चुकूनही टाकीत घालू नये, कारण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

आता संगमरवराविषयी. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मुळात कठीण असलेल्या पाण्यात तो फार विरघळणार नाही, पण तुम्ही आरओचे पाणी मिसळून जेवढी कठीणता कमी कराल, तेवढी तो पुन्हा भरून काढील. शिवाय त्याच्या जाड खड्यांमधल्या फटींत विष्ठा आणि उरलेले खाद्य साठून राहते आणि कोवळ्या मुळांना धरायला काही मिळत नाही. त्यावर माती टाकली, तर ती आठवडाभरात फटींतून खाली जाईल आणि खडे वर दिसू लागतील. म्हणून तो पूर्णपणे काढावा.

त्याजागी नदीची रेती घ्यावी. बांधकामाच्या ढिगातली चालते, मात्र ती दोनदा चाळून साधारण १ ते ३ मिलिमीटरचे कण ठेवावेत आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. तुमच्या मापाच्या टाकीत सरासरी अडीच इंच थरासाठी सुमारे १२ लिटर, म्हणजे १८-१९ किलो रेती लागेल. पुढे दीड-दोन इंच आणि मागे साडेतीन इंच असा उतार द्यावा. रेती हळूहळू पुढे सरकतेच, म्हणून मागची बाजू सुरुवातीला जरा अधिकच उंच ठेवावी. रेतीत स्वतःचे पोषण नसते, त्यामुळे मुळांतून खाणाऱ्या वनस्पतींच्या बुंध्याशी खताच्या गोळ्या पुराव्या लागतात. दुकानात मिळणारी, भाजलेल्या दाण्यांची अ‍ॅक्वा सॉइल चांगली असते, पण ती केएच शोषून पीएच उतरवते आणि आपल्यासारख्या कठीण पाण्यात तिची ही शक्ती लवकर संपते. पहिले काही आठवडे ती अमोनियाही सोडते. मासे आधीपासून टाकीत असताना तो धोका कशाला पत्करायचा?

भरलेली टाकी सगळे धरून नव्वद किलोच्या आसपास जाईल. पाणसळ लावून स्टँड तपासावा आणि काचेखाली फोमची शीट घालावी, मग बाकीचे पाहावे.

गच्चीबाग, इंदूर

रेतीखाली शेतातली माती घालण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी वाचली आहे. आपल्याकडे तर काळी माती मुबलक आहे. ती का नको?

काळी माती, इंदूर

माझे नाव काळी माती असले तरी ती टाकीत घालू नका! माळव्याची काळी माती कपाशीला आणि सोयाबीनला उत्तम आहे, पण ती ओली झाली की फुगते आणि तिचे कण इतके बारीक असतात की एखादे रोप उपटले तरी चार-पाच दिवस पाणी गढूळ राहते. त्यात चुन्याचे कंकरही असतात. मातीच घालायची असेल, तर जुन्या कुंडीतली, शेणखत किंवा युरिया न घातलेली लालसर माती चाळून एक इंच द्यावी आणि वर दीड-दोन इंच रेतीचे झाकण घालावे. अशी टाकी फार सुरेख चालते. परंतु तिची मांडणी वरचेवर बदलता येत नाही, कारण प्रत्येक वेळी खालचा थर वर येतो. नवख्या माणसाला पहिल्या वर्षी सतत काही तरी हलवावेसे वाटते, म्हणून त्याने नुसत्या रेतीवर राहावे असे माझे मत आहे.

दगडांविषयीही इथेच लिहितो. महूच्या बाजूला किंवा घाटात मिळणारा काळा बेसॉल्ट टाकीत फार शोभतो आणि पाण्यात काही सोडत नाही. मात्र दख्खनच्या या दगडात मूळच्या वायूच्या पोकळ्या असतात आणि त्यांत नंतर पांढरी खनिजे भरलेली असतात. त्यांतली काही झिओलाइट असतात आणि काही कॅल्साइट. दगड घासून वाळवावा आणि त्या पांढऱ्या ठिपक्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून कान जवळ न्यावा. झिओलाइट गप्प बसते; कॅल्साइट असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि थेंबाच्या कडेला बुडबुड्यांची रांग दिसते. एखाद-दुसरा ठिपका चुरचुरला तर आपल्या पाण्यात काही बिघडत नाही, पण अख्खा दगड फसफसत असेल तर तो बागेत ठेवावा. ओंकारेश्वरच्या बाजूने आणलेले नर्मदेचे गोटे बहुधा या परीक्षेत अगदी नर्मदेतल्या गोट्यासारखेच वागतात. तरीही प्रत्येक गोटा तपासून घ्यावा.

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

पाण्याचे आणि रेतीचे वर आलेच आहे, म्हणून मी वनस्पतींपुरते लिहितो.

सिलिंडरशिवाय काही जगत नाही, हे व्हॅलिस्नेरियाने केव्हाच खोटे ठरवले आहे. आपल्याकडच्या तळ्यांत उगवणारी ही फितीसारख्या पानांची वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, त्यामुळे कठीण पाणी तिच्या पथ्यावरच पडते. मागच्या बाजूला ती लावावी. धावत्या खोडांनी ती दोन-तीन महिन्यांत भिंत उभी करते. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही भारतीय पाणथळीतलीच दुसरी चिवट वनस्पती आहे. मधल्या पट्ट्यात क्रिप्टोकोरिन वेन्डटाय लावावी. लाकडावर किंवा दगडावर अ‍ॅनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस दोऱ्याने बांधावे. अ‍ॅनुबियास आणि जावा फर्न यांचे जाड आडवे खोड रेतीत पुरू नये, ते कुजते. फक्त मुळे खाली सोडावीत. आपली ब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी, पाण्याखाली हळू पण सरळ वाढते आणि कुंडीतली जुडी आणूनही लावता येते, मात्र तिच्यावर कीटकनाशक मारलेले नसावे.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. रोपवाटिकेत यांतल्या बहुतेक वनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पाने हवेसाठी घडलेली असतात. पाण्याखाली आली की ती पिवळी पडून, भोके पडून गळतात आणि त्याच खोडातून पाण्यासाठी घडलेली, पातळ आणि बहुधा वेगळ्या आकाराची पाने फुटतात. क्रिप्टोकोरिनच्या बाबतीत तर सगळे रोप एका आठवड्यात शेवाळी चिखलासारखे विरघळते. अशा वेळी पुष्कळ लोक ते उपटून फेकतात. बोटाने हळूच रेती बाजूला करून पाहावे: मूळ पांढरे आणि घट्ट असेल तर रोप जिवंत आहे. कुजलेली पाने तेवढी कापून काढावीत आणि जागा हलवू नये.

दुकानातून आणलेली रोपे पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून मग साध्या पाण्यात धुवावीत. गोगलगायी पूर्णपणे थांबत नाहीत, पण कमी येतात. पहिल्याच दिवशी टाकी दाट लावावी, हा माझा आग्रह आहे. चार रोपे लावून ती पसरण्याची वाट पाहिली, तर मोकळे राहिलेले पोषण आणि प्रकाश शेवाळ घेते. खर्च वाचवायचा असेल तर हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट अशी झपाट्याने वाढणारी, स्वस्त मिळणारी झाडे भरावीत आणि बाकीच्या रोपांनी जम बसवला की ती काढून टाकावीत.

नवशिकी, इंदूर

सर्वांचे आभार. एवढे सविस्तर कोणी सांगेल असे वाटले नव्हते. दिवा किती वेळ ठेवावा? सिलिंडर नको, तर साखर आणि यीस्टची बाटली लावावी का? आणि टाकी खिडकीपाशी ठेवली तर विजेची बचत होईल का?

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

खिडकीपाशी नको. मार्चनंतर दुपारचे ऊन टाकीवर तासभर जरी आले, तरी पाणी हिरवे होते आणि तापते. दिवा सुरुवातीला रोज सहा तास ठेवावा आणि तो टायमरवर लावावा; रोपे जोमाने वाढू लागली की आठ तासांपर्यंत न्यावा. वाढ होत नाही म्हणून दिव्याचे तास वाढवणे हा शेवाळ वाढवण्याचा हमखास मार्ग आहे, कारण कार्बन आणि पोषण तेवढेच राहून फक्त प्रकाश वाढतो.

यीस्टच्या बाटलीचा उन्हाळ्यात फेस बाहेर येतो आणि जानेवारीत ती जवळपास झोपते. कार्बन डायऑक्साइड असा कमी-जास्त होणे हे काळ्या झुपकेदार शेवाळाला आमंत्रण असते. द्यायचा तर तो स्थिर द्यावा, नाही तर देऊच नये. पुढे कधी सिलिंडर घेतलेच, तर दिव्याच्या तासभर आधी सुरू आणि दिव्याबरोबर बंद अशी सोय करणारा झडपेचा टायमर त्यासोबतच घ्यावा. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेत असतात आणि वायू चालू राहिला तर पहाटे मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. आणखी एक सूचना. द्रवरूप कार्बन म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड असते आणि त्याने व्हॅलिस्नेरिया वितळते.

तिघरा, ग्वाल्हेर

इंदूरकरांना मे महिन्याचे काय सांगावे, माळव्याच्या रात्री थंड असतात. आमच्याकडे पारा ४५च्या पुढे जाणे नवे नाही आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार ग्वाल्हेरचा आहे असे मी समजतो.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो आणि ३२ अंशांना ७.३च्या आसपास, दुसरीकडे माशांची आणि जिवाणूंची प्राणवायूची गरज त्याच वेळी वाढलेली असते. टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावला, तर कोरड्या हवेत बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंश उतरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय लंगडा पडतो, पण तोवर उन्हाचा कहरही सरलेला असतो.

पंख्यामुळे पाणी झपाट्याने उडते आणि इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. उडते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. ही घट बोरिंगच्या पाण्याने भरत राहिलात, तर महिन्या-दोन महिन्यांत कठीणता कितीतरी वर जाते आणि काचेवर पाण्याच्या रेषेला खरखरीत पांढरा पट्टा उमटतो. घट भरायला आरओचे पाणी वापरावे. पाणी बदलताना, म्हणजे दर आठवड्याला चौथा हिस्सा काढून नवे घालताना, नेहमीचे पाणी वापरावे. ही दोन कामे वेगळी आहेत.

दिवे गेल्यावर सर्वांत आधी धोका असतो तो फिल्टरला. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी काही तास थांबले, तर आतले जिवाणू गुदमरतात आणि वीज आल्यावर ते कुजके पाणी सरळ टाकीत येते. तुमचा काठाला लटकवायचा फिल्टर उघडा असल्याने तेवढा भित्रा नाही, तरीही बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात असू द्यावा. हिवाळ्यात इंदूरलाही पाणी १८ अंशांखाली जाऊ शकते, तेव्हा पन्नास वॉटचा हीटर डिसेंबर-जानेवारीपुरता लावावा.

गच्चीबाग, इंदूर

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचे काय करावे?

काळी माती, इंदूर

उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले आणि त्यात एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा खडा, सोडला, तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. आपले पाणी एक दिवसाआड येत असल्याने साठवलेले पाणी घरात असतेच, त्यामुळे ही अडचण आपल्याकडे फारशी येत नाही. ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी वास घेऊन पाहावा.

तिघरा, ग्वाल्हेर

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मासे असताना हे सगळे बदलायचे कसे. माझा सल्ला असा, की एका रविवारी सगळे एकदमच करावे. अर्धे-अर्धे केले की दोनदा धूळ उठते, माशांना दोनदा हलवावे लागते आणि मधले दोन आठवडे घरातले सगळे विचारत राहतात की हे असेच राहणार आहे का.

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

तिघरा यांच्याशी मी सहसा सहमत असतो, पण इथे नाही. टाकीतले नायट्रीकरण करणारे, म्हणजे माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर आणि काचेवर चिकटलेले असतात. तुमचा फिल्टर छोटा आहे, म्हणजे जिवाणूंचा मोठा वाटा त्या चार बोटे संगमरवरातच असणार. तो एका दिवशी बाहेर काढला, तर माशांचा अमोनिया पचवायला फक्त तो एवढासा स्पंज उरतो. त्यातून आपले पाणी अल्कधर्मी. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का किंवा किंचित अधिक भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर हाच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. मऊ पाण्यात जो आकडा खपून जातो, तो इंदूर-वडोदऱ्याच्या पाण्यात मासे मारू शकतो. म्हणून नवे जिवाणू आधी उभे करावेत आणि मग जुन्यांचे घर मोडावे.

काळी माती, इंदूर

दोघांचे म्हणणे जुळवता येते. काम एका दिवशीच करावे, पण त्याची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. आजच एक मोठा स्पंज फिल्टर एअर पंपावर लावून जुन्या टाकीत सोडून द्यावा. चार-सहा आठवड्यांत त्यावर जिवाणूंचा जम बसेल. त्याच काळात लाकूड उकळून भिजत घालावे, म्हणजे ते तरंगणे सोडील आणि त्याचा चहासारखा रंगही बराच उतरेल. रेती धुऊन वाळवून ठेवावी. टेबलावर २४ × १२ इंचांचा कागद पसरून त्यावर दगड आणि लाकूड मांडून पाहावे आणि समोर टाकीच्या उंचीवर डोळे आणून बसावे, कारण वरून पाहताना जी मांडणी छान वाटते ती समोरून सपाट दिसते. मुख्य दगड किंवा लाकूड बरोबर मध्ये नसावे. प्लांटेड टाक्यांच्या मांडणीसाठी प्रसिद्ध असलेले जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांच्या टाक्यांची छायाचित्रे पाहिली, तर पुढची मोकळी जागा किती मोठी ठेवलेली असते ते ध्यानात येते. आपण हौसेने नेमकी तीच जागा भरून टाकतो.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी सकाळी माशांना खाऊ घालू नये. जवळजवळ निम्मे पाणी नळीने दोन स्वच्छ बादल्यांत काढावे आणि मोठ्या टबमध्ये त्यातलेच थोडे घेऊन मासे त्यात सोडावेत. वर ओले फडके बांधावे. मॉली उडी मारतात. दोन्ही फिल्टर बंद करून बाजूला ठेवू नयेत, एकेक बादलीत जुन्या पाण्यात चालू ठेवावेत. स्पंज नळाखाली धुण्याचा मोह तर अजिबात होऊ देऊ नये. मासे बाहेर गेल्यावरच संगमरवराला हात लावावा, कारण खालून जे काळे पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. सगळा खडा निघाल्यावर टाकी पुसून घ्यावी, साबण मात्र नको. जुन्या खड्यांतले ओंजळभर जाळीच्या पिशवीत भरून महिनाभर नव्या टाकीच्या कोपऱ्यात टांगावेत. दिसायला बरे नाही, पण त्यांवरचे जिवाणू कामाचे आहेत.

आधी दगड थेट काचेवर, फोमच्या पातळ तुकड्यावर टेकवावेत आणि मग भोवती रेती ओतावी. रेतीवर दगड ठेवले तर मासे आणि पाणी खालची रेती उकरतात आणि दगड कलतो. रेतीवर चार बोटे पाणी घालून, ती ओली असतानाच लावणी करावी. लांब चिमट्याने रोप तिरपे खोल खुपसून, मग चिमटा थोडा सैल करून बाहेर घ्यावा, म्हणजे रोप सोबत येत नाही. दहा-दहा मिनिटांनी पानांवर पाणी फवारावे किंवा ओला कागद पांघरावा. आपल्या उन्हाळ्यात ती पाहता पाहता कोमेजतात. भरताना रेतीवर बशी ठेवून धार तिच्यावर सोडावी.

बादल्यांत काढलेल्या पाण्यातले वरचे नितळ तेवढे, साधारण तिसरा हिस्सा, परत घालावे. ते जिवाणूंसाठी नव्हे, तर क्षारांचे प्रमाण माशांच्या सवयीचे राहावे म्हणून. याच दिवशी आरओचे पाणी भरून कठीणता एकदम उतरवू नये; ते बदल पुढच्या आठवड्यांत, दर पाणी बदलीला थोडे थोडे करावेत. तापमान सारखे झाले, पाणी निवळले आणि अमोनिया शून्य दिसला, की मासे सोडावेत. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजावे आणि कोणताही आकडा दिसला तर लगेच चौथा हिस्सा पाणी बदलावे. या काळात खाद्य निम्मेच द्यावे.

तिघरा, ग्वाल्हेर

मान्य. महिनाभराची तयारी असेल तर माझा रविवारही राहिला आणि यांचे जिवाणूही.

एक सुचवतो, हे सगळे उन्हाळ्यात करू नये. दिवाळीनंतरचा काळ उत्तम.

नवशिकी, इंदूर

स्पंज फिल्टर आजच सांगून ठेवला. सकरचे मात्र कोणीच बोलले नाही. तो टाकी स्वच्छ ठेवतो असे भाऊ म्हणत असे. वनस्पतींबरोबर राहील ना? आणि राहणार नसेल तर सिरपूरच्या तलावात सोडला तर चालेल का? तिथे त्याला भरपूर जागा मिळेल.

काळी माती, इंदूर

वनस्पतींबरोबर तो राहणार नाही, आणि तलावात तर कृपा करून सोडू नका. सकर फूटभराहून मोठा होतो. तो शेवाळ खातो त्याहून कितीतरी अधिक घाण करतो आणि नुकतीच लावलेली रोपे शेपटीच्या एका फटक्याने उपटतो. दुकानात ‘स्वच्छता कर्मचारी’ म्हणून जे बोटभर पिल्लू मिळते, त्याचे पुढे काय होते हे विकताना कोणी सांगत नाही.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. लोकांनी सोडून दिलेल्या सकरांनी कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीपासून आंध्रापर्यंत ठाण मांडले आहे. ते काठात बिळे करतात, काटेरी खवल्यांमुळे मच्छीमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांचे खाद्य संपवतात. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी २०२२ साली रामसर यादीत आली आहेत. ज्या पाण्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान मिळाला, त्यात आपल्या घरातला नकोसा मासा सोडणे योग्य नाही. हाच नियम छाटलेल्या वनस्पतींनाही लावावा. त्या नाल्यात किंवा तळ्यात न टाकता उन्हात वाळवून कुंडीत घालाव्यात. आणि उलट्या दिशेने, सिरपूरहून व्हॅलिस्नेरिया उपटूनही आणू नये.

सकर मोठी टाकी असलेल्या कोणाला द्यावा. बहुतेक दुकानदार तो परत घेतात. शेवाळासाठी पुढे लाल चेरी झिंगे ठेवता येतील. गप्पी त्यांची पिल्ले खातात, पण मॉस दाट असेल तर काही वाचतात. झिंगे आणल्यावर तांबे असलेले कोणतेही औषध टाकीत घालू नये.

नवशिकी, इंदूर

धाग्यावर परत येण्यास बराच वेळ लागला, कारण वर सांगितल्याप्रमाणे तयारी करून मगच काम केले. सकर एका दुकानात मोठ्या टाकीत गेला. मांडणी झाली, मासे ठीक आहेत, अमोनिया अद्याप शून्यच आहे. तीन शंका आहेत. लाकडावर पांढरट, लाळेसारखा थर आला आहे. पानांवर आणि काचेवर तपकिरी भुकटी बसते, बोट फिरवले की निघते. आणि मागच्या हायग्रोफिलाची वरची टोके छान आहेत, पण खालची खोडे उघडी पडली आहेत आणि पेरांपेरांना पांढरी मुळे लोंबत आहेत. पुन्हा सगळे काढून लावावे लागेल का?

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

ताई, अभिनंदन. लाकडावरचा थर बुरशीचा आणि जिवाणूंचा आहे, लाकडातली साखर संपली की तो आपोआप जातो. मॉली तो आवडीने खातात. तपकिरी भुकटी म्हणजे डायटम, एक प्रकारचे सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत ती येतेच आणि दोन महिन्यांत बहुधा कमी होते. पाणी बदलताना पुसून घ्यावी आणि दिवा सहा तासांवर न्यावा. मात्र निळसर हिरवा, चादरीसारखा सुटा होणारा आणि कुबट वासाचा थर रेतीवर दिसला तर लगेच लिहा. ते सायनोबॅक्टेरिया असतात आणि त्यांची गोष्ट निराळी आहे.

हायग्रोफिलासाठी सगळी टाकी उपसण्याची गरज नाही. खालपर्यंत प्रकाश पोहोचत नाही म्हणून पाने गळली आहेत. वरची सहा इंच टोके पेराच्या थोडे खाली कापावीत, जुनी खोडे जमिनीलगत एका हाताने रेती दाबून धरत हळूहळू उपटावीत आणि टोके तिथेच पुन्हा खुपसावीत. पेरांना आलेली पांढरी मुळे आठवड्याभरात रेतीत शिरतील. एका वेळी अर्धाच पट्टा करावा आणि उरलेला पुढच्या पाणी बदलीला, म्हणजे मधल्या काळात नायट्रेट खायला कोणी तरी उरते. क्रिप्टोकोरिनला मात्र हात लावू नका. तिची जागा पुढे कधी बदलावीच लागली, तर ओढून काढण्याऐवजी भोवतालची मुळे कात्रीने कापून रेतीसकट उचलावी. तरीही ती एकदा रुसून पाने टाकेल, आणि तेव्हा खताची एक गोळी बुंध्याशी पुरून तिला महिनाभर तसेच सोडून द्यावे.